खाऱ्या वाऱ्यात हत्यारे टिकवायची तर: घरच्या गॅरेजमधील कामाच्या जागेची उभारणी

कोकणात समुद्रापासून मैल-दोन मैलांच्या आत ज्यांचे घर आहे, त्यांनी गॅरेजमध्ये कामाची जागा करायचे मनात आणले, तर हत्यारांच्या दुकानात जाण्यापूर्वी एक पावसाळा ती जागा नुसती पाहण्यात घालवावा. कोणती भिंत ओल धरते, पश्चिमेची झड दारातून किती हात आत येते, पागोळ्यांचे पाणी कुठे साचते आणि जमिनीवर ठेवलेल्या पत्र्याच्या डब्याच्या बुडाला किती दिवसांत तांबूस कडे उमटते, एवढे डोळ्यांनी पाहिले की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात. देशावर राहणाऱ्यांनी दिलेले सल्ले आपल्याकडे अर्धेच लागू पडतात, कारण त्यांच्यापुढे कोणते हत्यार घ्यावे एवढाच प्रश्न असतो. आपल्यापुढे ते हत्यार मृगापासून हस्तापर्यंत कुठे राहील, हा त्याच्याही आधीचा प्रश्न असतो.

हे मला एका रंध्याने शिकवले. नवा लोखंडी रंधा मे महिन्याच्या अखेरीस पुसून, तेलाचा हात फिरवून मी पेटीत ठेवला होता. गणपतीच्या मखरासाठी पट्ट्या साफ करायला तो बाहेर काढला, तेव्हा त्याच्या चकचकीत गालावर माझ्याच अंगठ्याचा ठसा गंजात उमटला होता, रेघा मोजता याव्यात इतका ठसठशीत. बाकीचे लोखंड स्वच्छ होते. तेल लावून झाल्यावर तो पेटीत ठेवताना घामेजलेल्या हाताने मी त्या एका जागी धरला होता आणि घामातील मिठाने पुढचे काम केले होते. साधे मीठ हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की हवेतले पाणी ओढून स्वतःच ओले होते, आणि पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावरची आर्द्रता त्याखाली क्वचितच उतरते. म्हणजे लोखंडावर मिठाचा कण बसला की तिथे चार महिने खाऱ्या पाण्याचा थेंब ठेवल्यासारखेच होते. समुद्रावरून येणारा वारा असे कण रोज आणून टाकतो. हत्यारांची खरेदी, मांडणी आणि निगा या तिन्ही गोष्टींत या एका कणाला दूर कसे ठेवायचे, हेच मी पुढे सांगत आहे.

आधी खोली

आपल्याकडची बहुतेक गॅरेजे चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची असतात आणि चिरा सच्छिद्र असतो. बाहेरून गिलावा नसलेली नैऋत्येची भिंत जुलैमध्ये हाताला गार आणि दमट लागते. तिच्यावर हत्यारांची फळी कधीही लावू नये. घराला जोडून गॅरेज असेल तर घराच्या बाजूची सामाईक भिंत सर्वांत कोरडी असते. फळी तिच्यावरच लावावी, आणि तीही थेट चिकटवून न लावता मागे इंचभर जाडीच्या उभ्या पट्ट्या ठोकून, म्हणजे भिंत आणि फळी यांच्यामधून हवा वर निघून जाईल. हार्डबोर्डच्या भोके पाडलेल्या तयार फळ्या परदेशी चित्रांत देखण्या दिसतात, पण आपल्या एका पावसाळ्यात त्या फुगतात आणि खुंट्या सुटू लागतात. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ यांची गतही तीच होते. प्लायवुड घ्यायचे तर ‘आयएस ७१०’ हा मरीन प्लायचा शिक्का पाहून घ्यावे, आणि कापलेल्या कडांना रंगाचे दोन हात दिल्याशिवाय ते लावू नये, कारण प्लाय पाणी पिते ते कडेने. घरात फणसाच्या किंवा ऐनाच्या जुन्या फळ्या पडून असतील तर त्या याहून चांगल्या.

चिऱ्यात भोक पाडताना ड्रिल मशीनचा हॅमर बंद ठेवावा. चिरा ठिसूळ असतो, हॅमरच्या ठोक्यांनी भोक वेडेवाकडे आणि मोठे होते आणि स्क्रूसाठी बसवलेला प्लग आत गरगर फिरतो. लांब प्लग आणि लांब स्क्रू घ्यावा, आणि वजन एका जागी न टांगता आडव्या पट्टीला पाच-सहा ठिकाणी पकडून वाटून द्यावे.

‘हवा खेळती ठेवा’ हा सल्ला सगळेच देतात आणि दिवाळीपासून मेपर्यंत तो बरोबर आहे. पावसाळ्यात मात्र बाहेरून आत खेळणारी हवाच ओली आणि खारी असते. म्हणून माझा नियम असा: खोली मोकळी, पण कपाट घट्ट. माणूस ज्या खोलीत काम करतो तिला खिडकी आणि झरोका हवाच. पण धारदार आणि घासून गुळगुळीत केलेले लोखंड जिथे राहते त्या कपाटाचे दार रबराच्या पट्टीवर दाबून बसले पाहिजे. आत सिलिका जेलच्या पुरचुंड्या ठेवाव्यात. रंग बदलणारे जेल घ्यावे, म्हणजे ते कधी भिजले ते कळते. तव्यावर मंद आचेवर तापवले की ते पुन्हा कामाला येते, मात्र तो तवा नंतर स्वयंपाकाला वापरू नये. काही जुने कारागीर कपाटात तळाशी १५ वॉटचा तारेचा बल्ब लावून ठेवतात. हवा थोडी कोमट राहिली की तिची आर्द्रता उतरते आणि लोखंडावर दव धरत नाही, हे त्यामागचे कारण आहे. त्यासाठी एलईडी दिवा चालत नाही, कारण तो पुरेसा तापत नाही. बल्बला जाळी हवी आणि त्याच्या हातभर अंतरात कापड, थिनर किंवा लाकडाचा भुसा असता कामा नये.

आता एक गोष्ट जी मी अनेक घरांत पाहतो आणि जिच्यामुळे मला खरोखर वाईट वाटते. गॅरेज म्हणजे घरातली अडगळ ठेवण्याची जागा, असे समजून माडांना घालायचे खडे मीठ, खतांची अर्धवट पोती, ब्लीचिंग पावडर, संडास धुण्याचे ॲसिड आणि इन्व्हर्टरची बॅटरी हे सगळे तिथेच हत्यारांच्या शेजारी ठेवतात. ॲसिडच्या बाटलीचे बूच कितीही घट्ट लावले तरी वाफ निसटते, आणि त्या वाफेने बंद कपाटातील लोखंडसुद्धा काही आठवड्यांत तपकिरी होते. चार्ज होत असलेल्या बॅटरीतूनही आम्लाचे सूक्ष्म तुषार आणि हायड्रोजन बाहेर पडतो. हजारो रुपयांची हत्यारे वीस-तीस रुपयांच्या बाटलीमुळे जातात. या वस्तूंना मांगरात किंवा मागच्या पडवीत वेगळी जागा द्यावी. ती देता येत नसेल, तर हत्यारे तरी घरात ठेवावीत.

गाडीसुद्धा याच हिशेबात धरावी. भर पावसातून आलेली गाडी आत उभी करून दार लावले, की इंजिनाच्या उष्णतेने तिच्या अंगावरचे पाणी रात्रभर वाफ होऊन खोलीत फिरते. पावसाळ्यात गाडी बाहेरच्या पत्र्याखाली उभी करता आली तर उत्तम.

नदीकाठच्या घरांनी उंचीचाही विचार करावा. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या अनेक दुकानांतील आणि घरांतील माल हलवायलाही वेळ मिळाला नाही. जिथे पाणी येण्याची जरा जरी शक्यता आहे, तिथे विजेवर चालणारे एकही यंत्र खालच्या फळीवर ठेवू नये; तिथे पहार, घण, फावडे अशी धुऊन पुसून परत वापरता येणारी अवजारे ठेवावीत. प्लग पॉइंट कामाच्या टेबलापेक्षा वर घ्यावेत. या खोलीसाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) आणि तपासून घेतलेले अर्थिंग असल्याशिवाय ओल्या जमिनीवर उभे राहून ड्रिल मशीन हातात धरू नये. या खर्चात काटकसर करण्यासारखे काहीच नाही.

मग खरेदी

शंभर नगांची चकचकीत पेटी घेऊ नये. तिच्यातील वीसच नग हातात येतात आणि उरलेले ऐंशी गंजत पडतात, आणि गंजणाऱ्या वस्तूची निगा राखण्याचे काम मात्र शंभरांचे करावे लागते. आपल्या हवेत जास्त हत्यारे असणे हा एक बोजाच आहे. मी पाळतो तो क्रम असा: एखादे हत्यार पहिल्यांदा लागले तर शेजारून मागून आणावे, दुसऱ्यांदा लागले तर भाड्याने मिळते का पाहावे, आणि तिसऱ्यांदा मागायची वेळ आली की मग ते आपल्याला खरोखर लागते असे समजून चांगल्यातले विकत घ्यावे.

पहिले पैसे मोजण्याच्या आणि आखण्याच्या साधनांवर घालावेत. मापच चुकले तर पुढे करवत कितीही भारी असली तरी काम चुकतेच. मेजरिंग टेप घेताना तिच्या टोकाचा आकडा (हूक) किंचित हलतो, तो दोष समजून नाकारू नये. आकड्याच्या पत्र्याची जाडी असते तेवढेच ते हलणे असते, म्हणजे आत टेकवून आणि बाहेर अडकवून घेतलेली दोन्ही मापे बरोबर येतात. गुण्या, म्हणजे काटकोन पाहण्याचे साधन, मात्र दुकानातच तपासावा. सरळ कडेच्या फळीवर गुण्या टेकवून बारीक पेन्सिलीने एक रेघ मारावी, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारावी. दोन्ही रेघा एकीवर एक पडल्या तर गुण्या खरा आहे. वर जाताना त्या फाकल्या, तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. सुतार ज्याला एक सूत म्हणतात तो इंचाचा आठवा भाग. हातभर लांबीच्या चौकटीत एवढा फरक आला तरी खिडकीचे दार कधीच नीट बसणार नाही. स्पिरिट लेव्हलही अशीच फिरवून पाहावी: त्याच जागी टोके उलटी करून ठेवल्यावर बुडबुडा त्याच ठिकाणी यायला हवा.

त्यानंतर रोजची हत्यारे. आपल्या घरात नेमके काय बिघडते ते आठवावे: खाऱ्या वाऱ्याने धरलेली बिजागरी, न सरकणारी कडी, विहिरीवरच्या पंपाचा गळका वॉल्व्ह, माकडांनी हलवलेली कौले आणि त्यांखालची मोडलेली रीप, स्कूटरचा सैल झालेला आरसा. या कामांसाठी एक मध्यम वजनाची हातोडी, आठ इंची पक्कड, नोज प्लायर, चपट्या आणि फुलीच्या तोंडाचे दोन-दोन मापांचे स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, ८ ते १९ मिलिमीटरपर्यंतचे फिक्स आणि रिंग पाने, एक पाईप पाना, लाकडाची करवत, हॅकसॉ, सपाट आणि गोल कानस, अर्धा आणि एक इंची पटाशी (लाकूड कोरायची छिन्नी) आणि एक ओळंबा एवढे पहिल्या वर्षी पुरते. पाने घेताना काळ्या रंगाचे स्वस्त पाने टाळून क्रोमचा मुलामा असलेले घ्यावेत. काळा थर आपल्या हवेत फार काळ टिकत नाही. स्क्रू ड्रायव्हरचे टोक आणि पक्कडीची चोच या दोन ठिकाणी हलके पोलाद ताबडतोब उघडे पडते, म्हणून तिथे टपारियासारख्या कंपनीचा पारखलेला माल घ्यावा. उलट पहार, कुदळ, कोयता आणि घण यांसाठी आठवडा बाजारात बसणारा लोहार कुठल्याही दुकानापेक्षा बरा: तो पात्याला पाणी कसे दिले ते सांगतो, आणि पुढच्या वर्षी धार काढून देण्यासाठी त्याच जागी भेटतो.

जुनी हत्यारे घेण्यात मला फार आनंद वाटतो आणि किनाऱ्यावर त्याला एक व्यावहारिक कारणही आहे. निवृत्त झालेल्या सुताराकडचा लाकडी रंधा मिळाला तर तो सोडू नये. त्याला गंजायला पाते तेवढे असते, अंग नसते. लोखंडी रंधा जुना घ्यायचा तर त्याच्या तळावर पोलादी पट्टी कडेने उभी धरून उजेडाकडे पाहावे. पट्टीखालून उजेडाची बारीक रेघ दिसली तर तळ घासून सारखा करता येतो, पण पाते बाहेर येते त्या तोंडाच्या कोपऱ्यात केसाएवढीही चीर दिसली तर रंधा परत ठेवावा. वरवरचा गंज घाबरण्यासारखा नसतो, खड्डे पाडलेला गंज असतो. पटाशीच्या पाठीला धारेजवळ खड्डे असतील तर तिला स्वच्छ धार कधीच येणार नाही. मुंबईला जाणे-येणे असणाऱ्यांना नागदेवी स्ट्रीटवर नवी आणि चोर बाजारात जुनी हत्यारे हाताळून घेता येतात. इथल्या कामासाठी कुडाळ, कणकवली, रत्नागिरी, चिपळूण येथील हार्डवेअरची दुकाने पुरेशी आहेत, आणि ज्याच्याकडून घेतले तो ओळखीचा असला तर बदलूनही मिळते.

विजेच्या यंत्रांत पहिले ड्रिल मशीन: १३ मिलिमीटरचा चक (बिट पकडणारे तोंड), वेग कमी-जास्त करण्याची सोय, उलट फिरण्याची सोय आणि हॅमर बंद करता येईल असे बटण. बॅटरीवर चालणारे घ्यावे की वायरचे, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले, त्यानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती आणि उडालेल्या छपरांची त्याच दिवसांत डागडुजी करायची होती. त्या दिवसांचा विचार करून मी बॅटरीच्या बाजूने कौल देईन, मात्र हाताची करवत आणि हाताने फिरवायचे गिरमिट मोडीत काढू नये. लिथियमची बॅटरी बराच काळ पडून राहणार असेल तर ती पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी न ठेवता अर्धी भरून, थंड आणि कोरड्या जागी ठेवावी.

ग्राइंडर पहिल्या वर्षी घेऊ नये असे मला वाटते. तो घेतलाच तर गार्ड न काढता, डोळ्यांवर चष्मा लावूनच चालवावा. डिस्कवर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगापेक्षा कमी नाही ना, हे पाहावे आणि मधल्या धातूच्या कड्यावर छापलेली मुदतही वाचावी, कारण डिस्कमधील राळ जुनी आणि ओली झाली की डिस्क फुटू शकते. त्याच्या ठिणग्या स्टेनलेस स्टीलवर पडल्या तर त्या लोखंडाच्या कणांचे पुढे गंजाचे ठिपके होतात, म्हणून ग्राइंडरची जागा कपाटापासून लांब असावी.

खिळे-स्क्रूंबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण तिथेच लोक पैसे वाचवतात. पिवळसर मुलाम्याचे साधे स्क्रू घरात ठीक आहेत, पण उघड्या पडवीत ते एक-दोन पावसाळ्यांत गंजतात आणि काढताना डोकेच तुटते. बाहेरच्या कामाला ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्यावे. समुद्रासमोरच्या खिडक्या-दारांना ३१६ प्रत लागते, कारण तिच्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि ते मिठाला तोंड देते. पितळेचा स्क्रू ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवू नये. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारे पाणी अशी जोडी जमली की ॲल्युमिनियम पांढरे पीठ होऊन झडू लागते.

मांडणी

कामाच्या टेबलाची उंची ताठ उभे राहून हात सैल सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तेवढी ठेवावी. बहुतेकांना ती ३२ ते ३५ इंचांच्या मध्ये येते. टेबलाचे पाय चिऱ्याच्या तुकड्यावर किंवा फरशीवर ठेवावेत, म्हणजे वाळवी चढली तर तिची मातीची वाट डोळ्यांना दिसते.

हत्यारे प्रकारानुसार लावावीत की कामानुसार, यात माझे मत बदलत गेले आहे. शहरातल्या माणसाचे काम त्याच्या टेबलावर चालते. आपले काम विहिरीवर, कुंपणाशी, कलमांच्या बागेत किंवा छपरावर असते. पंपापाशी पोहोचल्यावर पाईप पाना घरी राहिला हे कळले, की भर उन्हात दोनशे पावले परत यावे लागते. म्हणून टेबलावर लागणारी हत्यारे भिंतीवर, आणि बाहेर नेण्याची कामानुसार वेगवेगळ्या पेट्यांत: एक पेटी नळ आणि पंपाची, एक विजेची, एक स्कूटरची. नळाच्या पेटीत टेफ्लॉन टेप आणि वॉशर, विजेच्या पेटीत टेस्टर आणि चिकटपट्टी कायमची ठेवावी. स्क्रू ड्रायव्हर दोन जागी लागतो म्हणून दोन घ्यावे लागतात, एवढा वाढीव खर्च मी आनंदाने करतो. पेट्या प्लॅस्टिकच्या आणि झाकणाला रबर असलेल्या घ्याव्यात. चामड्याच्या पिशवीत किंवा गोणपाटाच्या गुंडाळीत हत्यारे पावसाळ्यात कधीच ठेवू नयेत; दोन्ही ओल धरून ठेवतात, आणि स्पंजच्या खाचांचेही तेच आहे. बंद पेटीत गंजरोधक कागद घातला तर त्यातून निघणारी वाफ लोखंडावर पातळ थर धरते. पेटी वारंवार उघडी राहिली तर मात्र त्याचा उपयोग राहत नाही.

भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्यारामागे त्याची आकृती रंगाने काढून ठेवावी. यात शोभेचा भाग नाही. संध्याकाळी दिवा मालवताना एका नजरेत कोणती जागा रिकामी आहे ते कळते, आणि अंगणात विसरलेली पक्कड रात्रीच्या दवात भिजण्यापूर्वी आत येते. करवती खाली दात करून न टांगता दातांवर प्लॅस्टिकच्या पाईपची चिरलेली पट्टी बसवून टांगाव्यात. पटाश्या धार खाली करून फळीच्या खाचेत उभ्या ठेवाव्यात, मुलांच्या हाताला लागणार नाहीत इतक्या उंच. खिळे-स्क्रूंसाठी लोणच्याच्या काचेच्या बरण्या सर्वांत चांगल्या: आतले दिसते, आणि झाकण प्लॅस्टिकचे असले तर ते धरून बसत नाही.

दाराच्या आतल्या बाजूला एक लहान वही दोऱ्याने बांधून ठेवावी आणि कोणी काय नेले, कोणत्या दिवशी नेले, ते नेणाऱ्यानेच तिच्यात लिहावे. आपल्या वाडीत हत्यार मागायला आलेल्याला नाही म्हणणे कोणालाच जमत नाही आणि जमूही नये. पण जुलैमध्ये गेलेला पाना कोणाच्या खळ्यात भिजतो आहे, हे ठाऊक असायला हवे.

मृगापूर्वी आणि मृगानंतर

दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात मी एक पूर्ण दिवस हत्यारांना देतो. एका पटाशीचे उदाहरण घेऊन रीत सांगतो. प्रथम हात साबणाने धुऊन कोरडे करतो किंवा सुती हातमोजे घालतो. पटाशी रॉकेलने ओल्या केलेल्या चिंधीने दांड्यापासून धारेकडे पुसली की गेल्या वर्षीचे चिकट तेल आणि त्यात अडकलेली मिठाची पुटे निघतात. चिंधीवर राखाडी रंग येणे थांबेपर्यंत हे करायचे. मग ती अर्धा तास उन्हात ठेवायची, लोखंड हाताला कोमट लागले पाहिजे. त्या कोमट लोखंडावर तेलाचा पातळ हात फिरवला की ते बारीक रेघांत उतरते. शेवटी धारेवर व्हॅसलीनचा थर देऊन, लाकडी दांडा धरूनच ती जागेवर ठेवायची; तेल लावल्यानंतर लोखंडाला बोट लागू द्यायचे नाही.

तेल कोणते, यावर प्रत्येक घराचे वेगळे मत असते. खोबरेल तेल घरात असते आणि महिना-दोन महिने ते चांगले राखते, पण वर्षभरात ते खवट आणि चिकट होते, म्हणून ते रोजच्या हत्यारांपुरतेच. शिलाई मशीनचे तेल पातळ, ते हळूहळू ओघळून जाते. डब्ल्यूडी-४० हे मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेले आहे. भिजलेले हत्यार कोरडे करायला ते उत्तम, पण चार महिन्यांच्या राखणीला त्याचा थर फार पातळ पडतो. लांब मुदतीला ग्रीस किंवा व्हॅसलीन, आणि करवतीला व रंध्याच्या तळाला मेण, कारण मेणाचे डाग लाकडावर उठत नाहीत. दांड्यांना जवसाचे तेल द्यावे, मात्र त्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. सुकताना त्या आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून टाकाव्यात.

मुंबईहून वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांनी आपल्या गावच्या हत्यारांना तेलावर सोडू नये. महिनोन्‌महिने बंद राहणाऱ्या घरात ग्रीसचा जाड थर, वर प्लॅस्टिक आणि घट्ट झाकणाची पेटी एवढे हवेच. वर्तमानपत्रात गुंडाळणे हा मात्र घातक प्रकार आहे, कारण कागद ओल शोषतो आणि लोखंडाला चिकटून बसतो.

गंज चढलाच तर घाई करून पॉलिश पेपरने घासू नये, त्याने चांगले लोखंडही जाते. हत्यार साबणाने धुऊन, लाकडी दांडा वेगळा करून, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये एक रात्र बुडवून ठेवावे. सकाळी तारेच्या ब्रशने गंज चिखलासारखा निघतो. लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवावे, नाहीतर राहिलेले आम्ल पुन्हा काम सुरू करते; मग स्वच्छ पाण्याने धुऊन, पुसून, चुलीच्या धगीवर किंवा उन्हात खडखडीत वाळवून त्याच बैठकीत तेल लावावे. धुतल्यानंतर तासभर जरी तसेच ठेवले, तरी उघड्या पडलेल्या लोखंडावर नारिंगी झाक येते. आगळ किंवा चिंचेच्या कोळाने पितळ निघते म्हणून काही जण तोच उपाय लोखंडावर करतात. आगळात मीठ असते, त्यामुळे तो करू नये.

पावसाळ्यात दर रविवारी पाच मिनिटे कपाट उघडून पाहणे पुरेसे आहे. सिलिका जेलचा रंग, दाराच्या रबराखाली ओल, आणि व्हाइसच्या (वस्तू घट्ट पकडून ठेवणाऱ्या शिकंजाच्या) जबड्याला बोट लावून पाहणे, कारण जाड लोखंडावर सकाळी सर्वांत आधी दव धरते.

पाऊस ओसरला की आश्विनात खंडेनवमीला हत्यारे पूजेसाठी बाहेर निघतातच, तोच दिवस मी तपासणीचा धरला आहे. पावसाळ्यात फुगलेले दांडे तेव्हापासून आकसू लागतात आणि हातोडीची डोकी सैल होतात. डोके वर करून दांड्याचे बूड दगडावर दोन-तीनदा आपटले की ते खाली बसते. तरीही हलत असेल तर माथ्यातील जुनी पाचर काढून सुक्या बाभळीची नवी, थोडी जाड पाचर ठोकावी. दांडा पाण्यात बुडवून घट्ट करण्याची सवय सोडावी, पाणी सुकले की तो पूर्वीपेक्षा सैल होतो आणि डोके एखाद्या दिवशी हातातून सुटते. पूजेत हत्यारांवर हळद-कुंकू आणि झेंडूची ओली फुले वाहिली जातात. त्या ओल्या पाकळ्यांचे डाग घासलेल्या पोलादावर एका रात्रीत उठतात, म्हणून आमच्याकडे पूजा फळीवर पांढरे वस्त्र अंथरून होते, फुले दांड्यांच्या बाजूला वाहिली जातात, आणि दिवेलागणीपूर्वी प्रत्येक पाते पुसून, तेलाचा हात देऊन परत आपल्या आकृतीवर टांगले जाते.